खांबाची उन्हाकडची बाजू

३ मार्च

चि. गुंड्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुम्ही तिघं खुशाल आहात असं धरून चालते, कारण तुझ्या कार्डात त्याबद्दल एक अक्षर नाही. मी ठीक आहे. उजवा गुडघा कुरकुर करतो, पण मी त्याला भाव देत नाही.

तीन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं आणि ते किती? चार ओळी! “दुर्बीण इकडे आणणे जमणार नाही. मुलींच्या शाळेतील विज्ञानाच्या बाई येतील, त्यांना द्यावी. ध्रुवावर नीट लावून, चालवून दाखवावी. कळावे.” द्यावी काय, दाखवावी काय! अरे, मी काय नगरपालिका आहे का मला अर्ज करायला? लहानपणी माझ्या वेणीला लोंबकळून शाळेत जायचास तू. “ताई” लिहायला तेवढी शाई उरली नव्हती वाटतं.

असो. सांगितलंस ते काम हातात घेतलंय. परसातल्या खांबावरचं प्लॅस्टिक काढलं, नळीत कोळ्यानं संसार थाटला होता तो मोडला, आरसा तू शिकवलास तसा पाण्याखाली धरून धुतला, पुसला नाही. मोटार चालते. दात्यांना तेल दिलं. कारखान्यातल्या भंगारातून सहा इंची पाइप आणून तू हा खांब उभा केलास तेव्हा मी म्हणाले होते, परसात काय बोअरिंग घेतोस का? पण काम चांगलं केलं होतंस, हे आज लिहून देते.

आता रडगाणं. दुर्बीण ध्रुवावर लागते, पण टिकत नाही. संध्याकाळी सातला, ध्रुव दिसायला लागला की मी बसते. ज्या दांड्याभोवती दुर्बीण फिरते तो आकाश ज्या बिंदूभोवती फिरतं तिकडे रोखते, त्या दांड्यात बसवलेल्या छोट्या दुर्बिणीतल्या वर्तुळावर वेळेप्रमाणे ध्रुव आणून ठेवते, बोल्ट आवळते. सगळं चोख. आणि नऊला बघावं तर ध्रुव रेघ सोडून बाहेर! मग मोटार चालू असूनही तारा नजरेतून निसटायला लागतो. ध्रुव स्वतःही त्या वर्तुळावर जरासा फिरतो हे मला ठाऊक आहे, ते धरूनच मोजलंय. मोजमाप मला कोणी शिकवू नये. पाच संध्याकाळी झाल्या आणि पाचही वेळा तो एकाच बाजूला सरकला.

तू म्हणशील नाचता येईना अंगण वाकडं. पण इथे अंगणच वाकडं आहे रे बाबा. पाया ओतला त्या दिवशी तुला घाई होती, मला चांगलं आठवतंय. खड्डा पुरेसा खोल घेतला नसणार, खाली माती दबत असणार. खरं काय ते कळव, म्हणजे बाईंना तसं सांगते. आपल्या वस्तूतला दोष लपवून देऊ नये.

आणखी एक. तुझ्या गावातल्या पंप कारखान्याचं पत्र आमच्या ऑफिसात आलंय. ग्राइंडिंग विभागाचा प्रमुख म्हणून तुला घ्यायचं त्यांच्या मनात आहे, तर आमच्याकडे असताना तुझं काम कसं होतं आणि तू का सोडलंस, असं विचारलंय. मालकांनी ते माझ्याकडे टाकलं. महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे. तू सध्या चाकू-कात्र्यांना धार लावायच्या दुकानात बसतोस असं कानावर आलं होतं. ऐकून बरं वाटलं नव्हतं. पत्राचं बघते.

तुझ्या बायकोला आशीर्वाद, ठमीला पापा. किती उंच झाली ते कळव.

तुझी,
ताई


१३ मार्च

चि. गुंड्यास,

आशीर्वाद. तुझं कार्ड पोचलं. या खेपेला तीन ओळी, म्हणजे प्रगती उलटी आहे. “पाया चार फूट आहे. तूच टेप धरली होतीस. दुपारी चारला खांबाच्या उन्हाकडच्या बाजूला हात लावून बघ.”

वाचून आधी माझं टाळकं सरकलं. टेप मीच धरली होती हे खरं आहे, चार फूट आणि वर दोन बोटं. विसरले होते. वय झालं म्हण. पण हात लावून बघ, हा काय प्रकार? तीस वर्षं मोजमापाच्या खोलीत काढलेल्या बाईला हा सांगतो हात लावून बघ! कार्ड फ्रीजवर ठेवून दिलं आणि दोन दिवस तिकडे फिरकले नाही.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. चार वाजता गेले, लावला हात. उन्हाकडची बाजू अशी तापलेली की तळवा टेकवेना, आणि मागची बाजू गार. एकाच पाइपच्या दोन बाजू! मग मात्र मला राहवेना. कारखान्यातून दोन थर्मामीटर आणले, चिकटपट्टीने एकेका बाजूला लावले. (मालकांना विचारून आणले, लगेच भुवया उंचावू नकोस.) चारला दोन्हींत नऊ अंशांचा फरक. सातला चार. नऊला काहीच नाही. ध्रुव कधी सरकतो? सात ते नऊ. नऊनंतर तो जागचा हलत नाही.

आता तुला काय सांगायचं, तू हे कार्ड लिहितानाच ओळखलं असणार. तापलेली बाजू लांबते, गार बाजू तेवढीच राहते, मग खांब उन्हाकडे पाठ करून किंचित वाकतो. केसाएवढा. मी बापडी सातला, तो वाकलेला असताना, जीव ओतून अक्ष लावणार. मग तो निवणार, सरळ होणार आणि माझी सगळी मेहनत घेऊन सरकणार. चूक खांबाची नाही, पायाची नाही, तुझी नाही. मी तो निवायच्या आधी मोजत होते.

खात्री करायची म्हणून खांबाला जुनी रजई गुंडाळली आणि वरून पांढरी चादर बांधली. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, “अगं, खांबाला थंडी वाजते का?” म्हटलं, “नाही, ऊन बाधतं.” त्या दिवसापासून त्या माझ्याकडे जरा जपूनच बघतात. पण रजईने काम केलं, सरकणं अर्ध्याच्या खाली आलं. आणि मंगळवारी दिवसभर ढग होते, संध्याकाळी आभाळ उघडलं, त्या दिवशी तर सातला लावलेला ध्रुव नऊलाही रेघेवर. आता काय पुरावा हवा?

पायाबद्दल लिहिलं ते मागे घेते. उगाच तुझ्यावर घातलं. चुकले.

हे वाक्य लिहून मी चहा करायला उठले होते. परत येऊन बसले तर पुढचं सुचेना. गुंड्या, तू कार्डात ते शब्द मुद्दाम लिहिलेस का? हात लावून बघ. की सहज लिहिलेस? तुझा स्वभाव मुद्दाम टोचायचा नाही, म्हणून सहजच असणार. पण मला ते सहज वाचता आलं नाही.

विज्ञानाच्या बाई येऊन गेल्या. तरुण आहेत, फार बोलतात, पण जिज्ञासू. त्यांना सगळं सांगितलं तर म्हणाल्या, “म्हणजे निवेपर्यंत थांबायचं, एवढंच ना?” एवढंच, म्हटलं. पंधरवड्याने माणसं घेऊन खांब उचलायला येणार आहेत.

मालकांनी काल पुन्हा विचारलं, “त्या पंपवाल्यांना उत्तर गेलं का? रजिस्टरमध्ये आहे तसं कळवून टाका, दोन ओळींचं तर काम.” हो म्हटलं. अजून कळवलेलं नाही.

तुझी,
ताई


१९ मार्च

गुंड्या,

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. तुझंही बरोबर आहे. मी विचारलं काय तर मुद्दाम लिहिलंस का, याला कोण काय उत्तर देणार. आता जे तुला माहीत आहे तेच तुला लिहिणार आहे. तुला सांगायला नव्हे. माझ्या हाताने एकदा ते कागदावर उतरावं म्हणून.

तीन वर्षांपूर्वीचा मे. पंपाचे साठ मिलिमीटरचे चाळीस शाफ्ट. वर-खाली पाच मायक्रॉनची सूट, त्याबाहेर गेला की भंगार. तू दोन दिवस खपून ते घासलेस. धुवायच्या खोलीत जागा नव्हती म्हणून धुतलेला माल गाडीवर टाकून अंगणात वाळत ठेवला होता, बारा ते तीन, भर उन्हात. तीनला गाडी माझ्या खोलीत आली.

माझ्या दारावर माझ्याच अक्षरातली पाटी होती. आजही आहे. “रात्रभर या खोलीत ठेवल्याशिवाय माल मोजला जाणार नाही.” नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी ती पाटी मोठ्याने वाचायला लावते. लोखंड तापलं की फुगतं, निवलं की आक्रसतं, खरं माप खोलीच्या गारव्यातच कळतं, हे माझं पाठ झालेलं भाषण. पण त्या दिवशी मालकांचा ऑफिसातून फोन, “बाई, फाटकाशी ट्रक उभा आहे, आज माल गेलाच पाहिजे.” त्यांना मापातलं काही कळत नाही, कळायची गरजही नाही. नाही म्हणायचं काम माझं होतं. मी म्हटलं, देते मोजून.

मोजले. चाळीसच्या चाळीस तेरा मायक्रॉन जाड. तुला बोलावलं. तू शाफ्टवर हात ठेवलास आणि म्हणालास, “ताई, हात लावून तर बघ. ऊन खाऊन आलेत. उद्या सकाळी मोज, बरोबर भरतील.” मी म्हटलं, “मायक्रोमीटर आहे माझ्याकडे, हाताने मोजायचे दिवस गेले.” तू हसलास. वाईट हसला नाहीस, घरी हसतोस तसं. म्हणालास, “नियम तुझाच आहे ना दारावर?” मागे पॅकिंगवाल्या दोघी उभ्या होत्या, त्या फस्सकन हसल्या. आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

गुंड्या, तेवढंच झालं. त्यापेक्षा मोठं कारण मी तीन वर्षं शोधतेय, सापडत नाही. धाकट्या भावाने चारचौघींत माझा नियम मला वाचून दाखवला, आणि तो बरोबर होता. मी म्हणाले, “मोजणारी मी की तू? बारा मायक्रॉन काढ सगळ्यांचे.” तू म्हणालास, “ताई, लहान होतील गं.” मी म्हणाले, “सांगितलं तेवढं कर.” तू गाडी ढकलत निघून गेलास आणि संध्याकाळी आठपर्यंत सांगितलं तेवढं केलंस.

ट्रक थांबला. सकाळी माल निवल्यावर मी मोजला. चाळीसच्या चाळीस अकरा मायक्रॉन बारीक. सगळा लॉट भंगारात. मी हिशोब मांडला, तो शेंबडं पोरही मांडेल. म्हणजे आदल्या दुपारी ते खरे एकच मायक्रॉन जाड होते, उत्तम होते, आणि वरचे बारा उन्हाचे होते. तू म्हणालास तेच.

मालक यायला अजून अर्धा तास होता. रजिस्टरमध्ये आदल्या दिवशीच्या मापापुढे एक रकाना रिकामा होता, “खोलीत किती तास ठेवला”. घाईत भरायचा राहिला होता. मी तिथे लिहिलं, सोळा तास. आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, “ऑपरेटरला बारा मायक्रॉन काढण्यास सांगितले, त्याने चोवीस काढले.” माझ्या नेहमीच्या वळणदार अक्षरात लिहिलं. खाली सही केली.

तुला तो रकाना कधी दाखवला नाही. पण तुला कळलंच असणार. मालकांनी दोघांना समोर उभं केलं, रजिस्टर वाचलं आणि म्हणाले, “सख्खी बहीण भावाविरुद्ध खोटं कशाला लिहील?” तू माझ्याकडे बघितलंस. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे. तू म्हणालास, “ताईने लिहिलंय तर बरोबर असेल.” आणि निघून गेलास. मला वाटलं होतं तू भांडशील. तू भांडला असतास तर मी कबूल केलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. आता त्यावर माझा स्वतःचाच विश्वास नाही.

पंपवाल्यांचं पत्र अजून टेबलावर आहे. रजिस्टरप्रमाणे उत्तर दिलं तर तुला ती जागा मिळणार नाही, जन्मभर कात्र्यांना धार लावत बसशील. खरं दिलं तर या कारखान्यात माझं काय होईल ते दिसतंच आहे. निवृत्तीला आठ महिने राहिलेत. हे मी तुला का सांगते? म्हणजे तू म्हणावंस, राहू दे ताई, तू सुखाने निवृत्त हो? सुंभ जळला तरी पीळ जात नाही बघ. तसं काही लिहू नकोस. काहीच लिहू नकोस.

ताई


३० मार्च

गुंड्या,

क्रमाने लिहिते. मधेच सोडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

वीस तारखेला मी पंपवाल्यांना उत्तर टाकलं. सगळं खरं. माल उन्हातून आला होता, मी नियम मोडून मोजला, ऑपरेटरने दोनदा सावध केलं, मी ऐकलं नाही, रकाना मी खोटा भरला. खाली नाव, हुद्दा, सही.

चौथ्या दिवशी त्यांच्या व्यवस्थापकांचा फोन आला. माणूस सभ्य होता. म्हणाले, “बाई, तुमचं आणि त्यांचं आडनाव एकच दिसतं.” म्हटलं, “मी मोठी बहीण आहे त्याची.” पलीकडून हसल्याचा आवाज. “समजलं. बहिणीचं मन. भावासाठी माणूस काय काय अंगावर घेतं.” मला काय झालं ते सांगता येत नाही. मी ओरडलेच, “अहो, बहिणीचं मन असतं तर हे पत्र तीन वर्षांपूर्वी लिहिलं असतं!” बघ, खोटं लिहिलं तेव्हा बहीण होते म्हणून सगळ्यांना खरं वाटलं. आता खरं लिहिलं तर बहीण आहे म्हणून खोटं वाटतंय.

शेवटी ते म्हणाले, रजिस्टरमध्ये दुरुस्ती करा आणि त्यावर मालकांची सही घेऊन पाठवा, मग विचार करू. ही त्यांची मागणी रास्त होती. रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही, तुला माहीत आहे. चुकीच्या आकड्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला बरोबर आकडा आणि तारीख. मी “सोळा तास” वर रेघ मारली आणि लिहिलं, “शून्य”. “त्याने चोवीस काढले” वर रेघ मारली आणि लिहिलं, “त्याने बाराच काढले. सांगणारीचे माप चुकले.” मग रजिस्टर घेऊन मालकांच्या खोलीत गेले.

ते आधी चिडले, मग घाबरले. ज्याचा माल होता त्या गिऱ्हाइकाला त्यांनी ऑपरेटरची चूक म्हणून कळवलं होतं. “आठ महिने राहिलेत बाई तुमचे. कशाला जुनी मढी उकरता? गप निघून जा ना मानाने.” मी म्हटलं, सही करा. ते म्हणाले, “सही केली तर तुम्हाला ठेवता येणार नाही.” राजीनामा मी पर्समध्ये घेऊनच गेले होते. तो टेबलावर ठेवला. दोन दिवस त्यांनी दोन्ही कागद तसेच ठेवले, तिसऱ्या दिवशी दोन्हींवर सही केली. निघताना “चहा घ्या” म्हणाले. घेतला. तीस वर्षांत त्यांच्या खोलीत बसून घेतलेला तो पहिला चहा.

रजिस्टरची नक्कल अठ्ठावीस तारखेला रजिस्टर्ड पोस्टाने गेली. जागेसाठी आणखी दोघं आहेत असं व्यवस्थापक म्हणाले, सोमवारी ठरवणार आहेत. तुलाच मिळेल असं मी सांगू शकत नाही. मी खरं कळवलं म्हणून जग काही लगेच तुझ्या दारात येऊन उभं राहणार नाही.

दुर्बीण काल गेली. बाईंनी पाच माणसं आणली होती, खांबाचा पाया फोडायला दिवस गेला. आता तो खांब शाळेत विटांच्या भिंतीआड, सावलीत उभा करणार आहेत. परसात मोठा खड्डा झालाय, तो बुजवायला आता मला वेळच वेळ आहे.

आता जे तुला माहीत नाही ते. मागचं पत्र लिहिताना वाटलं होतं सगळं सांगून झालं. ते खरं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी तू मशीनचे सुटे भाग बनवणाऱ्यांकडे मुलाखत दिली होतीस. “कळवतो” म्हणाले आणि कळवलंच नाही. तुला वाटलं असेल मुलाखत बिघडली. नाही रे. त्यांचंही असंच पत्र माझ्या टेबलावर आलं होतं आणि मी त्याच दिवशी उत्तर दिलं होतं, रजिस्टरप्रमाणे. कोणी दबाव आणला नव्हता, मालकांनी विचारलंही नव्हतं. खरं लिहिलं तर मी खोटी ठरणार होते, म्हणून तुला पुन्हा खोटा ठरवला. या वेळचं पत्र आलं तेव्हा मागच्या उत्तराची प्रत खणात होती. नुसती तारीख बदलायची होती. तीन मार्चला तुला पहिलं पत्र लिहिलं ना, तुझ्या पायाला दोष देणारं, तेव्हा ती प्रत माझ्या शेजारी, टाइप करायला काढून ठेवलेली होती. ही तुझी ताई.

मला तुझी क्षमा हवी आहे. मागायचा अधिकार नाही हे कळतं, तरी हवी आहे. रोज सकाळी उठल्यावर हवी असते. पण देऊ नकोस घाईने. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू लगेच “जाऊ दे ताई” म्हणशील. या वेळी म्हणू नकोस. नीट राग येऊ दे तुला, मग बघ.

एकच काम सांगते, आणि ते टाळू नकोस. तुम्ही गाव सोडून गेलात त्याच्या दुसऱ्या महिन्यात ठमीने मला फोन केला होता. तुला माहीत नसेल, शेजारच्यांच्या घरून लपून केला होता. अकरा वर्षांची पोर. तिने मला एक प्रश्न विचारला आणि मी त्याचं उत्तर दिलं. त्यानंतर तिने कधी फोन केला नाही. सोबत तिच्यासाठी चिठ्ठी आहे. तू आधी वाचलीस तरी चालेल, पण तिच्या हातात दे. माझ्यातर्फे तू सांगू नकोस. मीच लिहिलंय.

ज्या बहिणीच्या शब्दावर सगळ्यांनी विश्वास ठेवला ती,
तुझी ताई


(सोबतची चिठ्ठी)

ठमे,

तू फोनवर विचारलं होतंस, “आत्या, बाबांनी खरंच माल बिघडवला का गं?” मी हो म्हटलं होतं. ते खोटं होतं. माल मी बिघडवला. तुझ्या बाबांना मी बारा काढायला सांगितले होते, त्यांनी बाराच काढले, एक जास्त नाही, एक कमी नाही. ते नको म्हणत होते, मी ऐकलं नाही.

तू तेव्हा मला शेवटी विचारलंस, “नक्की ना, आत्या?” आणि मी तुला म्हटलं, “नक्की. मी मोजलंय.”

आत्या